मुक्ताच्या शाळेतला घुंगरांचा चेंडू

टोकियो, १४ जून

ती. आईस,
सा. न.

आम्ही तिघं मजेत आहोत. टीव्हीवर भूकंप दाखवला की बाबांनी लगेच फोन करू नये. घरं त्या हिशेबानेच बांधलेली असतात, आणि बाकाखाली शिरायचा सराव मुक्ताला शाळेतच देतात. ती जेवतेही नीट. भाजीसुद्धा खाते, अगदी खरं.

परवा शाळेने पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. इथे शाळेत जाताना स्लिपर घरून न्यायच्या. बूट दारात काढायचे, ते आपणच आणलेल्या पिशवीत घालायचे आणि पिशवी घेऊन वर्गावर्गात हिंडायचं. बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून हे सगळं. अश्विनी विसरली होती, तिला दारातल्या टोपलीतल्या मिळाल्या. हॉलमध्ये मात्र बाईंनी स्लिपरही काढायला लावल्या. फटफट आवाज नको म्हणाल्या.

कारण आत गोलबॉल होता, न दिसणाऱ्यांचा खेळ. महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये निघाला. जपानच्या पुरुषांनी २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यात सुवर्णपदक घेतलं. तिघं-तिघं खेळतात. सव्वा किलोचा चेंडू, आत घुंगरं. समोरच्याने तो जमिनीलगत फेकला की आवाजावरून अंग आडवं टाकून अडवायचा. रेषेच्या पट्टीखाली दोरी असते, ती चाचपून आपण कुठे आहोत ते कळतं. ज्याला थोडं दिसतं त्याच्याही डोळ्यांवर काळी पट्टी, म्हणजे सगळे सारखे. आपल्या सुहासएवढं दिसणाऱ्यालासुद्धा.

मला वाटलं होतं, मुलांचे डोळे बांधून नुसतं चालवतील. तसं केलं असतं तर पोरं घाबरली असती आणि ‘बिचारे’ म्हणत घरी आली असती. पण शिकवायला आलेल्या ताई स्वतः अंध खेळाडू. त्यांनी मुलांना थेट खेळायला उतरवलं आणि भराभर गोल केले. नंतर नंतर मुक्ता ऐकायला लागली. एक चेंडू पोटावर घेऊन अडवलाही. (लागलं नाही, काळजी करू नकोस.)

घरी येताना तिने विचारलं, ‘सुहासकाका शाळेत काय खेळायचा?’

आई, तो पीटीच्या तासाला कट्ट्यावर बसून आमच्या चपला आणि घड्याळं सांभाळायचा. ‘तुला लागेल, तू बस’ असं सर नाही, मीच म्हणायचो. मुक्ताला काही सांगता आलं नाही.

पैसे या खेपेला २० तारखेनंतर येतील. येन घसरलाय, तेवढ्याच पगाराचे रुपये कमी होतात. स्लॅब थांबवू नका, मामांकडून घ्या, मी फेडतो. दिवाळीला यायचं जमत नाहीये. मे महिन्यात नक्की.

सुहासच्या पलूसच्या स्थळाला ‘चष्म्याचा नंबर जास्त आहे’ एवढंच सांगू, असं मामा म्हणाले. तसं करू नका. करगणीच्या सचिन खिलारींना पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळालं तेव्हा बाबांनी गल्लीभर पेढे वाटले होते. मग आपल्या पोराचं लपवायचं कशाला? किती दिसतं ते पहिल्याच बैठकीत सांगा, आणि त्याचं त्यालाच सांगू द्या.

बाबांना नमस्कार.

तुझा,
संजू

ता. क. पत्र मुद्दाम टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवतोय. सुहासच्या फोनवर पुढे पाठव. फोन वाचून दाखवेल, तो स्वतः ऐकेल, चपलांचंही.