रात्रपाळीच्या सिस्टर, तुमचे मनापासून आभार

सिझर होऊन तास झाला नव्हता. मला कूसही बदलवत नव्हती आणि लेक रडून लालबुंद झालेली. दूध येत नाही म्हणून आजेसासूबाई मधाचं बोट चाटवायला निघाल्या होत्या.

तेवढ्यात तुम्ही आलात. "आजी, मध नको. हा पिवळा चीकच तिची पहिली लस," इतकं गोड बोललात की त्यांनीच वाटी बाजूला ठेवली. मग स्वतःचे हात चोळून गरम केलेत, टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला माझ्या काखेत उशीवर आडवं केलंत. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, तोंड मोठं उघडलेलं. तीनदा सुटलं, चौथ्यांदा लेकीनं धरलं. "गिळल्याचा आवाज ऐक," म्हणालात. तो आवाज अजून कानात आहे.

हे सगळं तुम्ही स्तनपानासाठीच्या सरकारी 'माँ' कार्यक्रमाच्या प्रशिक्षणात शिकलात, असं सांगितलंत. असं प्रशिक्षण प्रत्येक प्रसूतिकक्षात पोहोचायलाच हवं. पाळी संपल्यावरही तुम्ही अर्धा तास माझ्याजवळ थांबलात, ते मात्र तुमचं स्वतःचं.

नाव विचारायचं राहिलं. लेक सहा महिन्यांची झाली, रविवारी तिचं उष्टावण आहे. आजेसासूबाई रोज तुमची आठवण काढतात.