आतली लादी, बाहेरची लादी

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. स्लॅब चांगला पडलाय. पण गवंडी हॉल, बाथरूम, गच्ची आणि अंगण, सगळीकडे दोन बाय चार फुटांची एकच व्हिट्रिफाइड लादी सिमेंट-वाळूच्या ओल्या मालावर बसवणार म्हणतोय, ते मला पटलं नाही. फोनवर तू 'हो हो' म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून लिहितोय.

मी स्वतः पस्तीस वर्षं मालावरच लाद्या बसवल्या. दोन इंचांचा माल पसरायचा, वर सिमेंटची पातळ रबडी ओतायची, लादी ठेवून रबरी हातोडीने ठोकायची. ते काम टिकलं, कारण जुनी मोझॅक लादी पाणी प्यायची. आदल्या दिवशी आपण ती पिंपात भिजवायचो, आठवतं? सिमेंट तिच्या छिद्रांत शिरून धरायचं. व्हिट्रिफाइड लादी जेमतेम अर्धा टक्का पाणी पिते. सिमेंटला धरायला तिथे काही नाहीच. ती मालावर नुसती बसलेली असते, चिकटलेली नसते.

आपल्या पडवीत २००४ साली मी पहिल्यांदा व्हिट्रिफाइड बसवली. लादीला लादी भिडवून, कारण सांधा दिसला नाही तर गवंडी चांगला, असा तेव्हा माझा तोरा होता. दोन वर्षांनी मे महिन्यात भर दुपारी फटाका फुटावा तसा आवाज झाला. बाहेर येऊन बघतो तर मधल्या लाद्या तंबूसारख्या उभ्या. दहा मीटरच्या फरशीत तीस अंशांचा फरक पडला, तर ती जवळजवळ दोन मिलिमीटर वाढते. वाढायला जागा नाही, खाली पकड नाही, मग वर उचलणार नाही तर काय करणार? गिऱ्हाइकाकडे झालं असतं तर मी सिमेंटच्या कंपनीला शिव्या घातल्या असत्या. आपल्याच घरात झालं, म्हणून मुकाट शिकलो.

तर हॉल आणि खोल्यांना गोणीत मिळणारं, लादी चिकटवायचं ॲडहेसिव्हच घे. पण त्याचा थर चार-सहा मिलिमीटरचा असतो, खालचे चढउतार त्यात बुजत नाहीत. आधी सिमेंटचा कोबा करून तो पाणसळीत, म्हणजे एका पातळीत आणायचा, आठवडाभर पाणी मारायचं, सुकू द्यायचा, मगच लादी. गवंडी हा खर्च टाळायला बघेल आणि लादीमागे ॲडहेसिव्हचे पाच गोळे लावून ती दाबून बसवेल. ते चालू देऊ नकोस. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते आणि कोपऱ्यावर गॅसचा सिलिंडर आदळला की लादी तडकते. दातेरी थापीने एका दिशेत रेषा ओढायला लाव, लादीच्या पाठीलाही ॲडहेसिव्हचा हात मारायला सांग. सकाळी पहिली बसलेली लादी लगेच उचलून पाठ बघ, सगळी माखलेली हवी. गवंडी चिडेल, चिडू दे. गोणीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि खाली टाइप छापलेला असतो. टाइप १ साध्या सिरॅमिकसाठी असतं, ते तुझ्या लादीला नको. आणि सांधा निदान दोन मिलिमीटर, मध्ये प्लॅस्टिकचे स्पेसर घालून.

बाथरूमला मोठी लादी नकोच. पाणी जायच्या जाळीकडे, नहाणी ट्रॅपकडे, चारही बाजूंनी ढाळ द्यायचा तर एक बाय एक फुटाची खरखरीत लादीच वळते.

खरी परीक्षा गच्चीची. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि मेमध्ये अनवाणी पाय ठेववत नाही. लादी पाणी अडवत नाही, हे आधी डोक्यात घे. पाणी अडवायचं ते खालच्या वॉटरप्रूफिंगने. विटांच्या तुकड्यांचा कोबा, दहा फुटांना सव्वा-दीड इंच ढाळ, कठड्याशी कोपरा गोल करणारा वाटा. मग पन्हाळीचं तोंड बुजवून दोन-तीन दिवस पाणी तुंबवून ठेव आणि खालून छत बघ. ओल आली नाही तरच पुढे. माझं ऐकशील तर वर फुटक्या लाद्यांच्या तुकड्यांचं चायना मोझॅकच कर. दिसायला जुनाट वाटेल, पण तुकडे लहान, सांधे पुष्कळ, ऊन-पाऊस सोसतात. लादीच हवी असेल तर फूटभराची मॅट, गोणीवर बाहेरच्या कामासाठी लिहिलेलं ॲडहेसिव्ह, पाच मिलिमीटरचा सांधा, आणि दर दहा फुटांवर व कठड्याच्या कडेने एक सांधा सिमेंटऐवजी लवचीक सीलंटने भरलेला. सांधे भरायचं इपॉक्सी ग्राउट स्वयंपाकघरात छान, उन्हात पिवळं पडतं. काम सकाळी किंवा चारनंतर. दुपारच्या उन्हात ओढलेल्या ॲडहेसिव्हवर दहा मिनिटांत साय धरते, मग लादी वर नुसती टेकते.

अंगणाला ॲडहेसिव्ह नाही आणि व्हिट्रिफाइडही नाही. शहाबादी किंवा चिरा घे. दगडाची जाडी कमी-जास्त असते, तिथे जाड मालच बरा, नाहीतर ठोकून बसवलेल्या मुरमावर ग्रिट, म्हणजे बारीक खडी पसरून सुटाच मांड. पाणी सांध्यांतून जमिनीत मुरेल, एखादा खचला तर उचलून परत बसवता येईल. तुळशीभोवती तर मातीच राहू दे, तिथे आईचं ऐक.

आणखी एक. प्रत्येक लादीचा एक बॉक्स जास्तीचा घे, सगळे एकाच बॅचचे, आणि तो माळ्यावर नीट ठेव. पडवीत मधल्या चार लाद्या वेगळ्या रंगाच्या का, असं तू लहानपणी विचारायचास आणि मी विषय बदलायचो. जास्तीच्या घेतल्याच नव्हत्या, रे.

तुझा,
आप्पा