‘ग्राहकाने स्वतः सुरू केली’ या उत्तराविरुद्ध अपील

प्रति,
अपील प्राधिकरण,
मोबाइल सेवा कंपनी, महाराष्ट्र व गोवा सर्कल

विषय : संमतीशिवाय सुरू झालेल्या मूल्यवर्धित सेवेचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

माझ्या प्रीपेड नंबरवर गेम्सची मूल्यवर्धित सेवा (म्हणजे कॉल-डेटाखेरीज वेगळे पैसे घेणारी जादा सेवा) सुरू होऊन मुख्य बॅलन्समधून रोज 5 रुपये कापले गेले. 155223 वर फोन करून मी ती बंद केली. पैशांची तक्रार मात्र आपल्या तक्रार केंद्राने ‘ग्राहकाने स्वतः सुरू केली’ एवढ्यावर निकाली काढली. डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) सोबतच्या प्रतीवर आहे.

ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या जुलै 2013 च्या निर्देशानुसार अशा सेवेसाठी ग्राहकाचा दोनदा होकार लागतो आणि दुसरा होकार नोंदवणारी यंत्रणा सेवा विकणाऱ्याच्या ताब्यात असून चालत नाही. ते योग्यच आहे. विक्रीत ज्याचा वाटा, त्याच्याकडे होकाराची वही कशी द्यायची?

मोबाइल डेटावर जाहिरातीचे पान उघडले की ग्राहकाचा नंबर नेटवर्ककडूनच त्या पानापर्यंत पोहोचू शकतो. मग नंबर टाकावा लागत नाही, ओटीपीही येत नाही. जाहिरात बंद करायच्या फुलीवर अदृश्य बटण बसवले असेल, तर बोट फुलीवर पडते आणि नोंद मात्र ‘होय’ अशी होते. त्यामुळे नुसती एका क्लिकची नोंद मला पुरावा म्हणून मान्य नाही.

दुसऱ्या होकाराची मूळ नोंद मला द्यावी : तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, होकार कोणत्या मार्गाने आला, आणि स्क्रीनवर सेवेचे नाव, दर व मुदत दाखवणारे पान नेमके कोणते होते. दोन्ही होकारांमध्ये सेकंदाचेही अंतर नसेल, तर ते पान माणसाने वाचलेले नाही हे उघड आहे. नोंद नसल्यास कापलेली सर्व रक्कम मुख्य बॅलन्समध्ये जमा करावी; त्याऐवजी टॉकटाइमचे व्हाउचर नको. कपातीच्या काळाचे तपशीलवार बिलही द्यावे. त्यासाठी नियमाप्रमाणे 50 रुपयांपर्यंतचे शुल्क भरण्यास मी तयार आहे.

याच सेवेबद्दल इतर ग्राहकांच्या तक्रारी असतील तर त्यांनाही पैसे परत मिळावेत. रोजचे 5 रुपये छोट्या रिचार्जवर महिना काढणाऱ्याला जड जातात, आणि कपात लक्षात येईपर्यंत अर्धा बॅलन्स गेलेला असतो.

2012 च्या तक्रार निवारण विनियमांनुसार 39 दिवसांत लेखी निर्णय अपेक्षित आहे. तो न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

आपला,
प्रीपेड ग्राहक

सोबत : बॅलन्स कपातीचे एसएमएस, तक्रार केंद्राचे उत्तर