सलाईनची बाटलीही डोपिंगच

संपादक महोदय,

कालच्या क्रीडापानावरचा डोपिंगवरील लेख वाचला. गोळ्या, इंजेक्शने, स्टेरॉईड, सगळे आले. पण ‘वाडा’च्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत औषधांइतक्याच ठळकपणे बंदी घातलेल्या पद्धतीही असतात. त्या लेखकाने सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग आणि रक्त चढवण्याच्या एका ओळीत आटोपल्या. ते वाचून आपल्याकडच्या पालकांना वाटणार, ही युरोपातल्या सायकलवाल्यांची भानगड. ती आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात आहे, महोदय.

माझी मुलगी १५०० मीटर धावते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तिच्या सरांनी चार मुलींना ओळखीच्या डॉक्टरांकडे नेऊन सलाईन लावली. ‘उन्हाने थकल्यात, उद्या पाय हलके पडतील.’ ५०० मिलिलिटरची अख्खी बाटली. पैसे मी दिले, वर सरांचे आभारही मानले.

नियम मला वर्षभराने कळला. १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त काहीही शिरेतून द्यायचे नाही, अगदी नुसते मीठपाणीसुद्धा. स्पर्धा असो वा नसो. कारण त्याने रक्त पातळ होते, तपासणीतले आकडे बदलतात. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया, निदानाच्या तपासण्या यांना सूट आहे. थकवा घालवायला नाही. त्या दिवशी तपासणी झाली नाही म्हणून आम्ही वाचलो. झाली असती, तर ‘सरांनी नेले’ हे उत्तर चालत नाही. शरीरात काय गेले, याची जबाबदारी खेळाडूचीच. २०१९ मध्ये पृथ्वी शॉवर बंदी आली ती खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटालिनमुळे. भारताकडून कसोटी खेळलेल्या मुलाच्या हातून हे घडते, तर कळव्यातल्या सोळा वर्षांच्या पोरीला कोण सांगणार?

सरांशी मी बोललो. ‘सगळेच लावतात’ म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा विनंती अशी, की बंदी असलेल्या पद्धतींची यादी सोप्या मराठीत, ठाणे पुरवणीत, शालेय स्पर्धा सुरू होण्याआधी छापा. आणि एक. त्याच लेखाच्या खाली ‘महिन्यात ताकद दुप्पट’ म्हणणाऱ्या पावडरीची पाव पान जाहिरात होती. डब्यात काय आहे, याचा एक शब्द नाही. आमची मुले तेही पान वाचतात.

– एक पालक, कळवा (ठाणे)