पक्या, 'टच'बद्दल विचारलंस म्हणून

प्रिय पक्या,

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना हा माणूस त्या जपानी कॉमिकच्या एवढा नादी कसा लागला असं तू परवा ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारलंस, तिथे टाईप करत बसलो असतो तर बाकीच्यांनी मला म्यूट केलं असतं, म्हणून हे पत्र. लांबणारे, आधीच सांगतो.

त्या कॉमिकचं, म्हणजे जपानीत म्हणतात त्या मांगेचं, नाव 'टच', लिहिणारा आणि काढणारा मित्सुरु अदाची. 'शोनेन संडे' नावाच्या साप्ताहिकात 1981 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि 1986 च्या नोव्हेंबरमध्ये संपली, सगळे मिळून 26 व्हॉल्यूम. छापणारे शोगाकुकान, म्हणजे आपली भाचरं ज्या डोरेमॉनशिवाय घास गिळत नाहीत ना, तो पण त्यांचाच. खप म्हणशील तर 10 कोटींच्या वर.

पण हा अदाची काही रातोरात मोठा झाला नाही बरं का. जन्म 1951 चा, गुन्मा प्रांतातल्या इसेसाकीचा. थोरला भाऊ त्सुतोमु पण मांगावालाच. 1970 ला पहिली गोष्ट छापून आली आणि मग जवळजवळ सगळं दशक असंच गेलं, दुसऱ्यांनी लिहिलेल्या गोष्टींना चित्रं काढ, हे कर ते कर, हिट काही नाही. तेव्हा पोरांच्या साप्ताहिकांत चलती होती ती घाम, रक्त, अश्रू आणि बाप मुलाला मारमारून खेळाडू बनवतोय अशा मांगांची. ह्याचा हात त्यात बसेना. मग तो गेला पोरींच्या मासिकांकडे. आणि माझं म्हणणं असं की पुढचं सगळं तिथेच शिजलं. तिथे कोण कोणाकडे कधी बघतं आणि कधी बघायचं टाळतं यावर पानंच्या पानं जातात, मध्येच नुसतं आभाळ, नुसते दोरीवरचे कपडे, संवाद शून्य. हे सगळं घेऊन तो 1978 ला पोरांच्या मासिकात परत आला, 'नाईन' नावाची बेसबॉलचीच मांगा घेऊन, आणि त्यानंतर 'टच'. वर त्याच वेळी दुसऱ्या एका नियतकालिकात 'मियुकी' पण चालू, दोन दोन सिरीज एकदम! 1982 चा शोगाकुकान पुरस्कार त्याला या दोन्हींसाठी मिळाला.

आता गोष्ट. तात्सुया आणि काझुया हे जुळे भाऊ, शेजारची मिनामी त्यांच्याच वयाची. दोन घरांच्या मध्ये तिघांना मिळून अभ्यासाची एक खोली बांधून दिलेली. काझुया हुशार, मेहनती, मेइसेइ शाळेच्या टीमचा स्टार पिचर, म्हणजे आपल्याकडचा बॉलर. तात्सुया आळशी नंबर एक, बॉक्सिंग क्लबात जाऊन मार खातो. मिनामीचं स्वप्न एकच, कोणीतरी मला कोशिएनला न्या. कोशिएन म्हणजे निशिनोमियाचं 1924 सालचं स्टेडियम, दर उन्हाळ्यात शाळांची देशपातळीवरची स्पर्धा तिथेच होते. प्रत्येक प्रांतातून एकच टीम, फक्त तोक्यो आणि होक्काइदोला दोन दोन, अशा 49, आणि पात्रता फेरीपासून एक मॅच हरलात की घरी. पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय फार नाही कारण शाळा तीनच वर्षांची.

आणि सातव्या व्हॉल्यूममध्ये, पात्रता फेरीच्या फायनलच्या दिवशी सकाळी, मैदानाकडे जाताना काझुया एका लहान मुलाला वाचवायला ट्रकसमोर जातो आणि मरतो. (स्पॉयलर म्हणून बोंबलू नकोस, जपानमध्ये चाळीस वर्षं ही गोष्ट शेंबड्या पोराला पण माहितीये.) अदाचीचं हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. मुख्य संपादक मात्र विरोधात, अजिबात मारायचं नाही. तर असं सांगतात की अदाचीबरोबर काम करणाऱ्या संपादकाने पानं छापायला दिली आणि स्वतः गायबच झाला, कोणाला सापडलाच नाही! अंक बाजारात आल्यावर ऑफिसात चिडलेल्या वाचकांचे फोनवर फोन.

पण ते काढलंय कसं ते बघ. अपघात धड दाखवलेलाच नाही. इकडे मैदानावर टीम त्याची वाट बघतेय, मॅच चालू होते, त्यांना काही पत्ताच नाही, आणि तिकडे हॉस्पिटलच्या खोलीत तात्सुया भावाच्या चेहऱ्याकडे बघत मिनामीला दोनचार साधी वाक्यं बोलतो. रडारड नाही. मिनामी नंतर रडते ती रेल्वेच्या पुलाखाली, वरून गाडी धडधडत जात असताना, म्हणजे कोणाला ऐकू जायला नको. मी ते पान वाचून मोबाईल उलटा ठेवून दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मग तात्सुया ग्लोव्ह घालतो, आणि पुढचे एकोणीस व्हॉल्यूम हा मेलेल्या भावाची जागा भरतोय की स्वतः खेळतोय हेच चालतं. मिनामीचं मन कोणाकडे होतं हे वाचकाला केव्हाच कळलेलं असतं, बोलत कोणीच नाही. मध्येच अदाची स्वतः चौकटीत घुसून स्वतःच्याच पुस्तकांची जाहिरात करून जातो, आणि त्याचे सगळे हिरो सारखेच दिसतात यावर पण तोच जोक मारतो, म्हणून ते रडकं होत नाही.

शेवट तर कहर आहे. पात्रता फेरीची फायनल बॉल बाय बॉल, आणि खुद्द कोशिएनच्या मॅचेस? गाळल्याच! अगदी शेवटी ठेवलेली एक बक्षिसाची थाळी दिसते, 68 व्या स्पर्धेचे विजेते, बस. खऱ्या जगात 1986 ची ती 68 वी स्पर्धा नाराच्या तेन्रीने जिंकली. दुसरा कोणी असता तर त्या मॅचेसवर अजून दहा व्हॉल्यूम काढले असते, साप्ताहिकवाल्यांनी नाचत छापले असते.

टीव्हीवर 1985 ते 87 मध्ये 101 भाग झाले, गाणं योशिमी इवासाकीचं, आणि खऱ्या कोशिएनच्या स्टँडमध्ये शाळांचे बँड ते आजही वाजवतात. 2005 चा सिनेमा ठीक ठीक, नाही बघितलास तरी चालेल. 2012 पासून 'मिक्स' नावाने त्याच मेइसेइ शाळेची पुढच्या पिढीची गोष्ट मासिकात चालू केलीये अदाचीने, ती मी अजून पुरवून पुरवून वाचतोय.

तू आधी पहिले सात वाच. दुसऱ्या-तिसऱ्यात कंटाळा येईल, नुसता टाईमपास चाललाय वाटेल, तेव्हा सोडू नकोस. आणि वहिनींना पण दे वाचायला, त्या तुझ्याआधी संपवतील याची मला खात्री आहे.

तुझा,
मंद्या