आईची जीभ खरंच जळते, बाबा

पुणे, मंगळवार

ती. आईस व ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल बाबा फोनवर म्हणाले, "आईच्या जिभेच्या त्या गोळ्या मी बंद केल्या. मेडिकलवाला म्हणाला, फिटच्या आणि मनाच्या आजाराच्या आहेत." मागून आईचा आवाजसुद्धा आला नाही. फोनवर हे धड बोलून होत नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, आईचं तोंड आलेलं नाही हे खरं. फोड नाही, चट्टा नाही. बी-12, लोह, साखर, थायरॉइड सगळं तपासलं, कवळीखाली बुरशी आहे का तेही पाहिलं. सगळं नीट निघालं, तेव्हाच डॉक्टरांनी ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ हे नाव दिलं. पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त दिसतो, आणि त्यात चव नि दाह कळवणाऱ्या बारीक नसा बिघडतात असं मानतात. डोळ्यांना दिसणार काय?

तुम्हाला काय खटकतं ते मला माहीत आहे. सकाळी बरी असते, दिवेलागणीला जळजळ वाढते, आणि जेवायला बसली की कमी होते. "जेवताना बरं जळत नाही!" असं दिवाळीत तुम्ही बोललात, तेव्हा आईने हातातला घास परत ताटात ठेवला. मी समोरच होते. बाबा, या आजाराची चालच तशी आहे. डॉक्टरांनी आईला सुरुवातीलाच विचारलं होतं, "खाताना बरं वाटतं का?"

लाळेचंही तसंच. दवाखान्यात लाळ मोजली त्या दिवशी आई खुर्चीत मान खाली घालून बसली होती. 15 मिनिटं गिळायचं नाही, साठेल ती लाळ हातातल्या कपात सोडायची. परक्या माणसासमोर लाळ गळतेय म्हणून तिने पदर हनुवटीपर्यंत ओढून धरला होता. कपात 5 मिली भरली. म्हणजे मिनिटाला 0.3 मिलीच्या वर, 0.1 च्या खाली गेली तर ती फार कमी धरतात. तुम्ही लगेच म्हणालात, "मग कोरडं कुठंय?" आई, क्षणभर मलाही तसंच वाटलं होतं. माफ कर मला.

लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे गं. तिच्यात क्षार असतात, प्रथिनं असतात. त्यातली म्युसिनं तिला बुळबुळीत करतात, त्यांच्यामुळे जिभेवर ओला थर टिकतो. या रुग्णांची लाळ तपासली तेव्हा माप नेहमीएवढं असूनही घटकांत फरक सापडलेत. ते सगळ्यांत एकसारखे नाहीत, म्हणून नुसत्या लाळेवरून आजार ठरवता येत नाही. शिवाय ओलावा कळवणाऱ्या नसाच बिघडल्या तर ओलं तोंडही कोरडं लागतं. आई कोरडं म्हणते ते तिला लागतं म्हणून.

आता गोळी. आई ती गिळत नाही. तीन मिनिटं चोखते, लाळ जळणाऱ्या जागी धरते आणि थुंकून टाकते. औषध लाळेत विरघळून जिभेतल्या नसांपर्यंत पोचावं, यासाठी. मनासाठी असती तर थुंकायला कशाला सांगितली असती? थोडं अंगात जातंच, म्हणून झोप फार येते का, तोल जातो का, याकडे लक्ष हवं. पण अशी औषधं एकदम तोडायची नसतात, बाबा. कमी-जास्त डॉक्टरच ठरवतील.

आणि सर्दी झाली की तुमच्या डब्यातली सेट्रिझिन तिला देऊ नका, तिने लाळ खरोखर आटू शकते. पुदिन्याची झणझणीत टूथपेस्टही बाजूला ठेवा. कमी फेसाची, बिनवासाची मी पाठवलीय.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते. डॉक्टरांना मात्र आजच फोन करा, नंबर फ्रीजवर चिकटवलाय. त्यांनी हो म्हटलं की गोळीच्या वेळी आईजवळ बसा, आणि तीन मिनिटं घड्याळाकडे तुम्ही बघा.

तुमची लेक