सांताक्रुझचं टर्मिनल पाडणारच असाल तर...

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अंकात एका वाचकाने लिहिलंय की नवी मुंबईचं विमानतळ आता सुरू झालं, मग सांताक्रुझचं टर्मिनल १ ठेवलंय कशाला, ती जुनाट धर्मशाळा पाडून टाका एकदाची. पाडायला माझी काही ना नाही, ते पाडून नवं बांधायचा बेत तसाही जाहीर झालेला आहे. पण धर्मशाळा हा शब्द लागला म्हणून लिहायला बसलो. ते टर्मिनल सुरू झालं १९५८ साली आणि मीही त्याच सालचा, त्यामुळे घरच्या माणसाबद्दल कोणी काहीबाही बोलावं तसं वाटलं. (आणि हो, नाव सांताक्रुझ असलं तरी ते आहे आमच्या पार्ल्यात, हे सांगितल्याशिवाय पार्लेकराला जेवण जात नाही.)

मुळात आपल्याकडे विमानाचं गाव मुंबई नव्हतंच, ते होतं कराची. युरोपातून येणारं टपाल विमानाने तिथे उतरायचं, म्हणून तर १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा ते टपाल घेऊन कराचीहून त्यांच्या छोट्याशा पस मॉथ विमानातून निघाले, मध्ये अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. जुहू म्हणजे काय तर १९२८ मध्ये सुरू झालेलं एक मैदान, पावसाळ्यात तिथे चिखल झाला की सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवायचं. सांताक्रुझचा तळ युद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाकडे होता, ते जायला लागले तेव्हा त्यांचे दोन रिकामे हँगर उरले, एकात देशातले प्रवासी बसवले, दुसऱ्यात परदेशातले, झालं टर्मिनल! सुरुवातीला दिवसाला जेमतेम सहा विमानं. मग फाळणी झाली, कराची पलीकडे गेलं आणि १९४९ पर्यंत हाच आकडा ४० वर पोचला. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं ते याच दिवसांत. मुंबईच्या विमानतळाला मोठेपण आलं त्यात फाळणीचा वाटा मोठा आहे, हे ऐकायला बरं वाटत नाही पण आहे ते आहे.

आमच्या लहानपणी रविवारी वडील आम्हाला विमानतळाच्या गॅलरीत विमानं बघायला न्यायचे. चौपाटी फुकट असायची पण गॅलरीला तिकीट होतं, तरी न्यायचे. एअर इंडियाचं बोइंग ७०७ येणार असलं की सगळी पोरं कठड्याला चिकटायची, १९६० साली आशियात सगळ्यात आधी जेट घेतली ती आपल्या कंपनीने, हे वडील दर रविवारी नव्याने सांगायचे. १९७२ च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सचं एक विमान सांताक्रुझ समजून चक्क जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरलं आणि पुढे घसरत गेलं, नशिबाने कोणी दगावलं नाही. आम्ही सायकली हाणत बघायला गेलो होतो. तोच घोळ १९५३ मध्ये एका ब्रिटिश कॉमेट विमानाने पण घातला होता म्हणे, म्हणजे जपान्यांना एकट्यांना हसायचं कारण नाही.

पण खरं सांगू का, मला ते टर्मिनल आठवतं ते विमानांमुळे नाही, तिथल्या माणसांमुळे. सत्तरच्या दशकात आखातात तेलाचा पैसा आला आणि आपल्या कोकणातला माणूस दुबई, कुवेत, मस्कतला निघाला. खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन, कुठकुठून एसटीने रात्रभर प्रवास करून यायचे. एक जण जाणारा आणि पंधरा जण सोडायला, त्यात म्हातारी आजी, कडेवरचं पोर, जेवणाचा डबा, सगळं आलं. गोव्याचा माणूसही धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या उतरायच्या सामायिक जागेत, चार दिवस काढून इथूनच उडायचा. बाहेर फूटपाथवर सतरंज्या टाकून बसलेली ही माणसं मी कॉलेजला असताना रोज बघायचो, दाराशी काचेला नाक लावून आत गेलेला आपला माणूस दिसतो का ते शोधत असायची. आणि दोन वर्षांनी तोच माणूस परत यायचा तेव्हा सोबत टू-इन-वन (रेडिओ-कॅसेट प्लेअर), ब्लँकेटं आणि दोरीने करकचून बांधलेली खोकी, त्यावर जाड पेनाने नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं लिहिलेलं. रत्नागिरी आणि रायगडात त्या काळात उभी राहिलेली कितीतरी चिरेबंदी घरं त्या दारातून बाहेर पडलेल्या पैशाची आहेत. आता याला धर्मशाळा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे, पण मग त्या धर्मशाळेने अर्धं कोकण पोसलंय हेही लिहा.

सगळेच परत आले असं नाही. १ जानेवारी १९७८ ला रात्री दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'एम्परर अशोका' विमान उडाल्यावर दोन मिनिटांच्या आतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ माणसं गेली. कॉकपिटमधलं विमानाचा कल दाखवणारं एक यंत्र बिघडलं होतं आणि बाहेर मिट्ट काळोख, त्यात घात झाला. आमच्या गल्लीत त्या रात्री कोणी झोपलं नाही.

पुढच्याच वर्षी, १९७९ ला टर्मिनलला मोठी आग लागली, मग घाईघाईने एक तात्पुरतं बांधकाम करून काम चालवलं, त्याला लोक गल्फ टर्मिनलच म्हणायचे, यातच सगळं आलं. तसं नवं टर्मिनल हवं असं १९६७ मध्ये नेमलेल्या टाटांच्या समितीने सांगून ठेवलेलं, ते सहारला उभं राहून चालू व्हायला १९८१ उजाडलं. सहार हे जुनं ईस्ट इंडियन लोकांचं गाव, त्याचं नाव जगभरच्या तिकिटांवर गेलं आणि १९९९ ला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिल्यावर हळूहळू मागे पडलं. नावाला विरोध कुणाचा असणार, पण सहार म्हणजे आधी गाव होतं हे आता टॅक्सीवाल्यालाही माहीत नसतं.

नंतरचं तुम्हाला माहितीच आहे, २०१४ चं झगमगीत टर्मिनल २, वर्षाला पाच कोटींवर प्रवासी, आणि एकमेकींना छेद देणाऱ्या दोन धावपट्ट्या असल्याने एका वेळी एकच वापरता येते तरी दिवसाला हजारभर विमानं चढउतार करतात, हे जगात फार थोड्या ठिकाणी जमतं. शेजारी म्हणून आम्ही त्याची किंमत पण मोजतो बरं का. फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखाली इमारतींच्या उंचीवर असलेल्या बंधनामुळे, आमच्याकडच्या कितीतरी जुन्या बिल्डिंगींचं रिडेव्हलपमेंट वर्षानुवर्षं लटकलंय, कारण मजले वाढवता येत नाहीत आणि मजले नाहीत तर बिल्डर येत नाही. मिठी नदी धावपट्टीखालून जाते, आणि २६ जुलै २००५ चा तो ९४४ मिमी पाऊस मोजला गेला तोही सांताक्रुझच्याच वेधशाळेत. एवढं सगळं सोसून आम्ही त्याला आपलं म्हणतो.

आता मुद्द्यावर येतो. टर्मिनल २ मध्ये हजारो कलावस्तू लावल्यात, छान आहेत, मी दोनदा थांबून बघितल्या. पण ज्या विमानतळावर आपण उभे आहोत त्याचीच गोष्ट मला तिथे कुठे दिसली नाही. ना हँगरचा फोटो, ना फूटपाथवरची माणसं. नव्या टर्मिनल १ मध्ये एक मोठी खोली द्या, आणि ती दारावरच्या तिकीट-तपासणीच्या अलीकडे द्या, म्हणजे तिकीट नसलेल्यालाही बघता येईल, आता तर खाली मेट्रो ३ चं स्टेशनच आलंय. दापोली, म्हसळ्याच्या घराघरांत पेटीच्या तळाशी जुने पासपोर्ट, काँट्रॅक्ट, कॅसेटवर भरून पाठवलेली पत्रं पडून आहेत, ती मागा, लोक देतील. नुसती विमानांची मॉडेलं ठेवून मोकळे होऊ नका.

आणि हेच नवी मुंबईत आत्ताच करा. तिथे दहा गावं उठली, अख्खी टेकडी कापली, उलवे नदी वळवली, विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून माणसं रस्त्यावर उतरली. सांताक्रुझ-सहारच्या वेळी कोण उठलं हे कोणी लिहून ठेवलं नाही, नवी मुंबईत निदान आठवणारी माणसं अजून आहेत.

माझ्याकडे वडिलांच्या वहीत त्या गॅलरीची दोन तिकिटं अजून आहेत, शाई उडालीय पण तारीख वाचता येते. खोली झाली की आणून देईन.

आपला,
एक जुना पार्लेकर
विलेपार्ले (पूर्व)